फोटोतला चौथा माणूस

यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या सख्ख्या भावाचाही बसला नव्हता, आणि तो तर भोपळ्यालाही देव मानून हात जोडणारा.

क्रिसांतो निम्फाला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो छातीपर्यंत गाळात होता. दोन्ही हात वर, हातात कॅमेरा, आणि डाव्या कानाला एक खेकडा लोंबत होता. नावोतासच्या खाडीवर बांबूंच्या खांबांवर घरं, आणि घरांना जोडणारी फळ्यांची वाट. त्यातली कुठली फळी कुजकी, ते इथल्या मांजरांनाही ठाऊक. त्याला नव्हतं.

निम्फा शिंपल्यांची पाटी खाली ठेवून काठावर आली.

"वर यायचंय, की बुडायचंच ठरवलंय?"

"आधी हा कॅमेरा धरा… संस्थेचा आहे."

"कॅमेरा धरते. मग तुम्हाला सोडलं तर चालेल ना?"

तिनं बांबू पुढे केला. तो वर आला तेव्हा त्याच्या अंगाला असा काही वास येत होता, की संध्याकाळी परत जाताना मलाबोनच्या पुलापर्यंत अकरा मांजरं त्याच्या मागे गेली. बारावं आंधळं होतं, नाहीतर तेही गेलं असतं.

तर हा क्रिसांतो एका मदत करणाऱ्या संस्थेचा माणूस. तिच्यामार्फत परदेशातली माणसं इथलं एकेक घर दत्तक घेत. निम्फाचं घर नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्या विधवेनं घेतलं होतं. तिच्याकडून तांदूळ यायचा, आणि निम्फाच्या आईची क्षयाची औषधं. त्या बदल्यात वर्षातून एक पत्र आणि सगळ्या घराचा एक फोटो तिकडे जायचा. फोटो नाही, तर मदत नाही.

आधी घरात चौघं होती. गेल्या पावसाळ्यात बाप समुद्रावर गेला तो गेलाच. उरल्या तिघी: आजी, आई आणि निम्फा.

"तिघींचा फोटो?" आजीनं कपाळावर हात मारला. "मधलं माणूस मरतं, माहीत नाही तुला? कुठल्या गावचा रे तू?"

"मला ठेवा मधे," आई खोकत म्हणाली. "मी काय, आज आहे, उद्या—"

निम्फानं आईला बाजूला सारलं आणि स्वतः मधे उभी राहिली. आजीनं चप्पल उचलली.

"मांजर घेऊ या का चौथं?" क्रिसांतोनं घाबरत विचारलं.

"मांजर माणसांत धरत नाहीत."

"मग… मी उभा राहू?"

"तुम्हाला धरतात का माणसांत?" निम्फा त्याच्या गाळानं माखलेल्या विजारीकडे बघत म्हणाली. आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी हसलं.

बटण शेजारणीनं दाबलं. संस्थेचा माणूस फोटोत असू नये, असा नियम होता. पण नियम दूर ऑफिसात, आणि चप्पल इथं समोर.

औषधं महिन्यातून एकदा द्यायची असत. क्रिसांतो आठवड्यातून एकदा येऊ लागला. कधी आईचं वजन करायला, तर कधी केलेलं वजन बरोबर होतं का ते बघायला.

"माझ्या आईचं वजन फारच मनावर घेतलंयस तू," निम्फा म्हणायची. मान खाली, सुरी शिंपलीच्या फटीत.

"आईंची काळजी वाटते…"

"मग बघ ना तिच्याकडे. ती तिकडे बसलीय."

तो लाल व्हायचा. ती मान वर करायची नाही, पण एकाच शिंपलीवर तिची सुरी चार चारदा फिरायची.

डिसेंबरात नॉर्वेचं पत्र आलं. परकी भाषा त्यालाच कळायची, म्हणून तोच वाचून दाखवायचा. अर्ध्यावर तो थांबला.

"पुढे?"

"पुढे… तिकडच्या बर्फाबद्दल आहे."

"क्रिसांतो. वाच."

त्यानं वाचलं. 'तुमच्या घरात धडधाकट जावई आला हे बघून मला फार आनंद झाला. तुम्ही कळवलं नाहीत, पण मला कळलं. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, तो एकटा तुमच्या मुलीकडे बघतोय. आता कमावता पुरुष आहे, तर माझी मदत एखाद्या निराधार घराला जाऊ दे.'

खाली पाणी खांबांवर आपटत होतं. ज्या गोष्टीचं नाव या दोघांनी एकमेकांपुढे काढलं नव्हतं, ती सातासमुद्रापलीकडची एक म्हातारी सांगून मोकळी झाली होती… आणि औषधाचे चार महिने अजून बाकी होते. मधेच सोडलं तर तो रोग दुप्पट होऊन येतो.

क्रिसांतोनं ऑफिसात जाऊन खरं सांगितलं. घराचं नाव यादीत राहिलं, त्याचं गेलं. मात्र नवा फोटो हवा होता, फक्त घरच्यांचा. ते त्याचं शेवटचं काम.

या वेळी आजीनं चप्पल उचलली नाही. निम्फा मधे उभी राहिली. आईनं तिचा हात घट्ट धरला होता. क्रिसांतोनं कॅमेरा असा काही धरला, की पहिले दोन फोटो नुसत्या छपराचे आले.

"काढ ना," निम्फा म्हणाली. "किती वेळ उभी करशील मला?"

त्यानं काढला.

मग ती त्याला फळ्यांच्या टोकापर्यंत सोडायला गेली. वाऱ्याला गारवा होता.

"मी इथं राहायला आलो तर—"

"घरात पुरुष आला, असं होईल."

"म्हणजे मी नसलेलाच बरा."

"आईपुरता," ती म्हणाली. "माझ्यापुरता नाही."

त्यानं पुढची फळी पायानं चाचपली. "जहाजावर काम मिळतंय. एक वर्ष. तोवर आई बऱ्या होतील… मग मोजशील मला माणसांत?"

तिनं त्याच्या शर्टाचं निसटलेलं बटण लावलं. मग तेच काढून पुन्हा लावलं.

"कधीच मोजलंय," ती म्हणाली. "ये तेवढा."

आई बरी झाली. आणि बरोबर एका वर्षानं, ऐका, जहाजाचा भोंगा असा वाजला की अख्ख्या खाडीतले शिंपले आपोआप उघडले! धक्क्यावर क्रिसांतो उतरला, पांढरा शर्ट, हातात फुलं, आणि निम्फा त्या फळ्यांवरून अशी धावत—

"खोटं!"

माझी गोष्ट ऐकत बसलेल्या सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भिंतीशी पाठमोरी बसलेली, केस पांढरे झालेली निम्फा सुरी हातात तशीच धरून बोलत होती.

"कुठं आला रे? आला असता, तर मी इथं बसून तुझ्या तोंडून ऐकलं असतं का?"