नासपतीच्या ओंडक्यात काहीतरी होतं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तिखटमीठ लावून सांगायची मला हौस नाही, आणि आता तेवढी हिंमतही उरलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी हे घडलं. मी तिथे होते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. पत्र्याच्या शेडमध्ये इतकं लख्ख ऊन, की भुशाचा कण न् कण दिसत होता.

ताईच्या यजमानांची, म्हणजे माझ्या भावजींची, लाकूड चिरायची मशीन आहे. वादळात पडलेली, बागेतून काढून टाकलेली फळझाडं ते आणतात आणि त्यांच्या फळ्या पाडतात. मी लाकडी वाट्या, चमचे करते. फळझाडाचं लाकूड म्हणजे माझा जीव की प्राण. त्यामुळे नवीन ओंडका आला की भावजींचा फोन ठरलेला. "मेहुणीबाई, पटकन या, नाहीतर शेकोटीत घालतो!"

त्या दिवशी नासपतीचं झाड मिळालं होतं. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या परसातलं, वाऱ्याने मुळासकट आडवं झालेलं. आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो. बाई दारातच उभ्या राहिल्या. अंगणात पाऊल टाकलं नाही.

"फळं कशी होती हो याची?" मी आपलं सहज विचारलं.

"धरलंच नाही कधी. फुलायचं भरभरून, पण फळ नाही. आणि..."

त्यांनी दारातूनच झाडाकडे बोट केलं.

"याच्यावर पाखरू बसलेलं मी कधी बघितलं नाही. न्या. सगळं न्या. डहाळीसुद्धा मागे ठेवू नका."

परतताना भावजी हसत होते. "एकटं राहून राहून माणसाला काहीही सुचतं बघ."

घराजवळच्या झाडांत खिळे निघतात. कुणी दोरी बांधायला ठोकलेले, कुणी पाटी लावायला. झाड वाढत जातं आणि खिळा गिळून टाकतं. तो पात्याला लागला की पातं गेलंच. म्हणून भावजी चिरायच्या आधी ओंडक्यावरून मेटल डिटेक्टर फिरवतात. दारावरच्या सुरक्षारक्षकाकडे असतो ना, तसला, हातात धरायचा.

टीं...

बुंध्याच्या मधोमध वाजला. भावजींनी खडूने फुली मारली आणि पटाशीने खोदायला घेतलं. चांगलं बोटभर आत गेले.

काही नाही.

पुन्हा डिटेक्टर धरला. गप्प.

वीतभर पुढे नेला...

टीं.

"दोन खिळे असतील," मी म्हणाले.

"मग पहिला गेला कुठे?"

दुसरी फुली. दुसरा खड्डा. तिथेही काही नाही. डिटेक्टर त्या खड्ड्यावर गप्प, आणि अजून थोडा पुढे नेला की... टीं.

आता भावजी हसत नव्हते. त्यांनी डिटेक्टर त्या जागेवर नुसता धरून ठेवला. न हलवता.

टीं... टीं... टीं...

मग आवाज बारीक होत गेला. आणि थांबला.

त्यांचा हात तसूभरही हलला नव्हता. मी बघत होते.

"सरकलं," मी म्हणाले.

"छे! सेल उतरले असतील." त्यांनी डिटेक्टर स्वतःच्या किल्ल्यांवर धरला.

खणखणीत वाजला.

"भावजी, नको हा ओंडका. राहू द्या."

"अगं, असं घाबरून लाकूड टाकायला लागलो तर मला शेडला कुलूपच घालावं लागेल." त्यांनी किल्ल्या बाकावर टाकल्या आणि मशीन सुरू केली.

शेडमध्ये चिमण्यांचा सतत कलकलाट असतो. तो थांबला होता. कधी थांबला, कळलंच नाही.

पहिली फळी सुटली. गुलाबी, देखणी. दुसरी सुटली. नासपती चिरली की गोडसर वास सुटतो, शेड भरून जाते. मी भुसा मुठीत घेऊन नाकाशी नेला.

काहीच वास नव्हता.

आणि मग पात्याचा आवाज बदलला. लाकडातून जाताना तो जड असतो. इथे एकदम हलका झाला... पोकळीत शिरल्यासारखा.

कापून झालं तशी भावजींनी मशीन बंद केली. वरचा भाग आम्ही दोघांनी मिळून उचलला.

आत जागा होती. मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपेल एवढी. कीड लागली तर भुगा असतो, भोकं असतात. इथे तसलं काही नाही. आतून गुळगुळीत. मी दिवसदिवस घासून वाटीला आणते, तसा गुळगुळीतपणा. बाहेर यायला वाट कुठेच नव्हती.

आणि ती जागा रिकामी होती.

भावजींनी तळाला हात टेकवला.

"गरम आहे गं."

पातं घासलं की लाकूड तापतं, हे मलाही माहीत आहे. पण तळाला पातं लागलंच नव्हतं.

तेवढ्यात त्यांनी झटक्याने हात मागे घेतला. दंड चोळला. मग खांदा. मग मान वळवून पाठीवर हात न्यायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. मुंगी चढल्यासारखं..."

डिटेक्टर शेजारी बाकावर पडला होता. मला का सुचलं, देव जाणे. मी तो उचलून त्यांच्या खांद्याखाली धरला. अंगात साधा बनियन. पट्ट्याचं बक्कल तर पार खाली, कमरेला.

टीं...

मी तो तसाच धरून ठेवला.

आवाज बारीक झाला. थांबला. मी डिटेक्टर दुसऱ्या खांद्याकडे नेला.

टीं.

"काय पोरखेळ चाललाय दोघांचा?" ताई दारात उभी होती, हातात चहाचे कप. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. बोलू नकोस, असं डोळ्यांनीच विनवलं. मी डिटेक्टर पाठीमागे लपवला.

ओंडका, फळ्या, भुसा, सगळं आम्ही त्याच संध्याकाळी जाळलं. एक्स-रे काढला, अगदी स्वच्छ आला. डॉक्टर हसले, म्हणाले, विश्रांती घ्या.

पण भावजी वाळत चालले. पाठ टेकून झोपेनात. ताईने अंगावरून हात फिरवला तरी दचकायचे. मी गेले की मला शेडमध्ये न्यायचे, दार लावायचे, पाठ करून उभे राहायचे. "धर."

दर वेळी वाजायचा. दर वेळी वेगळ्या जागी.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. ते रडत होते.

"नाही वाजत! डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कुठेच नाही!"

मीही रडले. सुटलो एकदाचे, असं झालं. गेलं ना, बस्स. ते कुठे गेलं, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताईने गोड बातमी दिली. इतक्या वर्षांनी! सगळे उपाय थकले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. ती माझ्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. तिच्या खांद्यावरून मला भावजी दिसले.

त्यांनी नजर फिरवली.

तेव्हापासून ते माझ्यासमोर एकटे येत नाहीत. डिटेक्टर हरवला म्हणतात. मीही शोधला नाही. ताईला काय सांगणार? आणि कुठल्या तोंडाने? ती लोकरीची टोपडी विणतेय.

गेल्या आठवड्यात तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, कसं खेळतंय."

मी तळवा टेकवला. काहीतरी हाताखाली आलं... थांबलं... आणि सावकाश बाजूला सरकलं. मी हात तिकडे नेला. ते अजून पलीकडे गेलं.

ताई खळखळून हसली. "मावशीला घाबरतंय गं!"

सगळीच बाळं पोटात अशी सरकतात, असं माझ्या सासूबाई म्हणतात. सरकत असतील. मला अनुभव नाही.

दिवस भरत आलेत. बाळंतपणाला ताईला मीच सोबत हवी आहे, दुसरं कुणी नको. सकाळपासून बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिचे दोन फोन येऊन गेले. निघालेच म्हणून सांगितलंय.

मी अजून घरीच बसले आहे.