शनिवारची चाचणी

पहिल्याच भेटीत मी त्याला निळा केला. अगदी खांद्यापासून पट्ट्यापर्यंत! मी सायकलच्या सांगाड्यावर रंगाचा फवारा मारत होते, आणि हा पांढरा शर्ट घालून, दार न वाजवता, सरळ आत...

"अहो, डोळे आहेत की नाहीत?"

"आहेत ना. म्हणून तर थांबलो," तो म्हणाला. अस्सा राग आला मला! आणि हसूही.

तो कारखान्यात रोबो बसवायला आला होता. त्या लोखंडी हाताला रंगवायला मी शिकवायचं – लहान मुलाकडून अक्षर गिरवून घेतात तसं, हात धरून. त्याला जमलं की आमच्या खात्यातल्या आम्ही चौघी घरी. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी सकाळी वेणी दोनदा घालायला लागले. काय म्हणावं या मनाला!

"हात घट्ट धरा, मॅडम."

"कुणाचा?"

"सध्या... त्याचाच."

महिन्याभरात आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. रोज संध्याकाळी तो म्हणायचा, "सांध्याखाली रंगाचा ओघळ येतोय गं. उद्या पुन्हा शिकवू." मी मनातून खूश.

शनिवारी मोठे साहेब चाचणीला आले. रोबोनं सांगाडा रंगवला, आणि सांध्याखालून हा लांबलचक ओघळ!

"हिनंच शिकवलंय ना?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षांत माझ्या हातून असा एक सांगाडा गेला नव्हता. पुढे झाले, लोखंडी हात धरला, मनगट जरासं वळवून पुन्हा शिकवलं. दुसरा सांगाडा लख्ख निघाला. साहेबांनी तिथल्या तिथे मशीनच्या मंजुरीवर सही केली.

बाहेर नळावर तो हात धूत होता. डोळे लाल.

"तो ओघळ मी मुद्दाम ठेवला होता, वेडे. आज नापास झालं असतं तर मशीन परत जाणार होतं. तुझी नोकरी घालवून तुलाच मागणी... कुठल्या तोंडानं घालू?"

"आधी सांगायचंस ना रे!"

"सांगितलं असतं, तर राहू दिला असतास?"

नसता दिला. मला माहीत होतं, त्यालाही.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. निदान एवढं तरी बोलायचं राहू नये म्हणून.

"मग चल माझ्याबरोबर. पुढच्या कारखान्यात..."

"तिथे कुणाकडून शिकवून घेशील, नि कुणाला घरी बसवशील?"

त्यानं नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "नाहीतर मीच राहतो इथे."

मला रडूच फुटलं.

"राहून काय करशील रे? आता इथे तुलाही काम नाही, नि मलाही."