फाइल दुसरीकडे उघडी आहे

नवलआप्पा ओट्यावर मांडी घालून बसले, तेव्हाच त्यांची धाकटी नात भूमिका थोरल्या रोशनीच्या ओढणीत शिरली होती.

"भूतनी गोष्ट नको, आप्पा."

"भूत कोठे शे यामा? मन्हा साडूना पोऱ्या शे. ललित."

महाशिवरात्रीनंतरची रात्र. प्रकाशा गावची यात्रा उठलेली, रस्ते ओस. ललित शहाद्याच्या एका कॉलेजात फाइल सर्व्हर सांभाळायचा. सगळ्यांच्या फायली ठेवायचं ते एकच यंत्र. त्यात कप्पे पाडलेले, त्यांना व्हॉल्यूम म्हणायचे. जागा संपत आली होती. सरांनी सांगितलं, जुन्या लोकगीतांचा व्हॉल्यूम सकाळपर्यंत पुसून टाक. ललित हो म्हणाला. घरी वाट पाहणारं तसंही कुणी नव्हतं. आई, रुक्मिणीबाई, गेल्या वर्षीच गेली. कॉलेजनं रेकॉर्ड केलेली तिची जात्यावरची एक ओवी त्याच व्हॉल्यूममध्ये होती. तिचा आवाज म्हणावा तर तेवढाच उरलेला. पुसण्याआधी तो आपल्याकडे उतरवून घ्यावा, एवढंच त्याच्या मनात.

कॉपी सुरू केली. अडली.

'फाइल दुसरीकडे उघडी आहे.'

कुठे, ते त्यानं पाहिलं. वरची रेकॉर्डिंगची खोली. खाली जाऊन त्यानं वॉचमन इंद्रसिंगला विचारलं.

"वर कोन्हीच नही, भाऊ. चावी मन्हाजोडे शे. शिवरात्रनी भांग उतरनी नही का अजून?"

ललित कसंनुसं हसला. परत आला. फाइल उघडीच. समोरच्याचं कनेक्शन तोडायची सोय होती. बोट बटणावर गेलं... आणि थांबलं. आईचं गाणं ऐकायला आजवर कुणी आलं नव्हतं. आता कुणीतरी ऐकत होतं. ऐकू दे की, पूर्ण.

तो बसून राहिला.

बाहेर कुत्रंही नाही.

मग वर... जातं फिरावं तशी घरघर.

"कोन शे?" ललितनं वर हाक दिली.

घरघर थांबली. पडद्यावरून खोलीचं नाव गेलं. कॉपी आपोआप पुढे सरकली. पूर्ण झाली. त्यानं व्हॉल्यूम पुसला आणि इंद्रसिंगला घेऊन वर गेला. कुलूप होतं तसं. आतला कॉम्प्युटर बंद. गार.

आप्पांनी मांडी बदलली.

"मंग?" रोशनी पुढे सरकली.

"टेबलवर पीठ व्हतं. ज्वारीनं. आते दळेल... कोमट."

"कितलं?"

आप्पांनी अंधारातच ओंजळ पुढे केली.

"एक माणूसनी भाकर व्हई, तितलं."