कापलेल्या सहा तारा

टेबलावर बिअरचे तीन ग्लास होते. काचेवर जमलेल्या बाष्पात दोन ग्लासांवर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. तिसऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोन पूर्ण तळवे.

अभयला त्यात विशेष काही दिसलं नाही. तो ग्लासांमागे उघड्या पेटीत ठेवलेल्या गिटारकडे बघत होता. तिच्या सहाही तारा कापलेल्या होत्या.

तासाभरापूर्वी तेजसने फोन केला होता. क्षिप्राचं डिटेक्टिव्ह ऑफिस सीबीडी बेलापुरातच, या पबपासून दोन गल्ल्यांवर. अभय तिचा मदतनीस. दोघं चालतच आले. पलीकडच्या मोठ्या स्क्रीनवर मॅच चालू होती आणि कोणीतरी आउट झाल्यावर सगळा पब ओरडला. सहा वाजता इथे तेजस, निखिल आणि स्वानंद या तिघा मित्रांच्या बँडचं वादन होतं. तारा कापलेली गिटार स्वानंदची; लीड, म्हणजे मुख्य गिटार तोच वाजवायचा. आता साडेपाच झाले होते.

"ताई, मी हात पन नाय लावला तिला," तेजस म्हणाला. तो खाडीकाठच्या गावातला, शाळेपासून निखिल आणि स्वानंदचा मित्र, बँडमधला दुसरा गिटारवाला. "वीस वर्षं झाली. आता हे मला चोर समजतात. माझं नाव साफ करा, बास."

क्षिप्राने एकेकाला बाजूला घेतलं.

ड्रमवाला निखिल भडकलेलाच होता. "तेजसच, मॅडम! दोन वर्षं लीडच्या मागे लागलाय. त्याची स्वतःची गिटार बघा, एकदम ठणठणीत."

"आणि स्वानंद काय म्हणतो?"

"तो कशावरच काही म्हणत नाही. नवीन गाणी कधी बसवायची विचारलं, की पुढच्या महिन्यात ठरवू. सात-आठ महिने झाले." तो वैतागून हसला. "सकाळी सानपाड्याच्या टर्फवर मॅचपण त्याच्याचमुळे हरलो. आमचा वन टिप वन हँडचा नियम आहे. एक टप्पा पडलेला बॉल एका हाताने पकडला तरच आउट. नियम शाळेत यानेच आणलेला! बॉल सरळ डाव्या हातावर आला, हा गुडघ्यांवर घसरत गेला आणि दोन्ही हातांनी पकडला. येडा!"

स्वानंद शांत होता. बाकीचे दोघं अंघोळ करून कपडे बदलून आले होते. याच्या जीन्सच्या गुडघ्यांना मात्र टर्फचे काळे रबरी दाणे चिकटलेले होते.

"सकाळी घरी ट्यून करून पेटीला कुलूप लावलं," तो म्हणाला. "इथे येऊन उघडली तर हे."

"चावी?"

"एकच आहे. या जीन्सच्या खिशात. खेळताना शॉर्ट्स घातली, जीन्स चेंजिंग रूममध्ये टांगलेली. कोणीही घेऊ शकला असता."

क्षिप्राने गिटार तिरपी करून उजेडात धरली, खुंट्या बोटाने फिरवून पाहिल्या आणि ती हळूच परत ठेवली.

"निखिल असणार," अभय कुजबुजला. "फार आरडाओरडा करतोय."

"बोलाव सगळ्यांना," ती म्हणाली.

चौघं टेबलाभोवती उभे राहिले. क्षिप्रा बसूनच बोलली.

"ताणलेली तार कापली की टोक उसळतं आणि लाकडावर ओरखडा उठतो. इथे एकही नाही, कारण खुंट्या आधी सैल केल्यात. ज्याने कापल्या, त्याला गिटार दुखवायची नव्हती."

"म्हणजे गिटारवालाच. तेजस!" निखिल म्हणाला.

"किंवा स्वानंद. निखिल, हे सकाळी काय घालून खेळले?"

"जीन्स. आम्ही चिडवलंपण, लग्नाला आलायस का म्हणून..." निखिल थांबला. त्याची नजर स्वानंदच्या गुडघ्यांवर गेली.

"मग चावी दिवसभर यांच्याच खिशात होती. खोटं बोलायची गरज एकालाच होती."

"पण स्वतःची गिटार कशाला?" अभयने विचारलं.

"डाव्या हातावर आलेला बॉल, तरी उजवा हात मदतीला धावला. स्वानंद ग्लासही दोन्ही तळव्यांनी उचलतात. गिटारच्या तारा डाव्या हाताने दाबाव्या लागतात, अभय."

स्वानंदने डावा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं उघडलीच नाहीत.

"नस सुकतेय," तो म्हणाला. "आठ महिने झाले. ही बोटं परत चालणार नाहीत म्हणाले डॉक्टर. शॉर्ट्सची नाडीसुद्धा बांधता येत नाही. तुम्हाला सांगवेना, म्हणून तारा सकाळी घरीच कापल्या. दिवसभर तशीच घेऊन फिरलो."

"आनि मला तासभर शिव्या पडत होत्या," तेजस म्हणाला, "तू समोर बसून बिअर पीत होतास."

निखिलने तेजसच्या खांद्यावर हात ठेवला. तेजसने तो बाजूला केला.

"तेजस, लीड तू घे," निखिल हळूच म्हणाला.

"आता नको मला. अशी मिळावी म्हणून मागत नव्हतो मी."

अभयने क्षिप्राकडे पाहिलं. ती ग्लासाकडे बघत राहिली. तळव्यांचे ठसे ओघळून गेले होते.

मॅनेजर टेबलापाशी आला. "सहा वाजले. काय ठरलं तुमचं?"

निखिल सवयीने स्वानंदकडे वळला. तेजस वळला नाही.

स्वानंदने पेटी उजव्या हाताने बंद केली.

"मी वाजवणं सोडलंय," तो म्हणाला.