द गौरवी

ये रे बाबा, बस हांगा. चहा घे, पाव घे. पार्शेच्या गौरवीची गोष्ट सांगतो तुला. गोड आहे, पण घशात जरा अडकते.

डिचोलीच्या स्टँडासमोर, माडीवर तिचा इंग्रजीचा क्लास. एका दुपारी शिरगावचा रुद्रेश टायरवाल्याला शोधत चुकून तिच्या दारात उभा राहिला. खाण बंद, खनिज वाहायचा ट्रक विकायला काढलेला. टायर राहिले बाजूला, गडी बाकावर जाऊन बसला. परदेशी बोटीवर नोकरी हवी होती, इंटरव्ह्यू इंग्रजीत.

डोक्याने तल्लख, पण दिसेल त्याला ‘द’ चिकटवायचा. द गोवा, द शिरगाव, द जेवण. गौरवी हसायची. गावाला नको, जेवणाला नको, माणसाच्या नावाला तर नकोच, म्हणायची.

“मग लावू कोणाला?”

“जगात एकच आहे त्याला. सूर्य, चंद्र...”

तो हळूच म्हणाला, “द गौरवी.”

“चूक,” ती म्हणाली — पण फळ्याकडे तोंड करून.

तिची पंचाईत बघ. जेवढं चांगलं शिकवणार, तेवढा तो लवकर जाणार. तरी हातचं काही राखलं नाही पोरीने.

इंटरव्ह्यू आला तो नेमका शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या आठवड्यात. रुद्रेश देवीचा धोंड, जत्रेच्या रात्री निखाऱ्यांवरून चालणारा, म्हणून व्रतात. व्रतातल्या धोंडाला कोणी हात लावायचा नाही. लागला तर परत आंघोळ, तोवर पाणीसुद्धा नाही. सकाळी स्टँडवर उभा — अनवाणी, हातात वेताची काठी, इस्त्रीचा शर्ट, कॉलर वाकडी. गौरवीचा हात कॉलरकडे गेला... आणि तिथेच थांबला.

“नाही गेलास तर?” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पणजीची बस घरघरत होती. त्यानेच पुढे होऊन तिचा हात धरला.

“अरे, तुझं सोवळं...”

“न्हाईन परत. बस सुटेपर्यंत सोडू नको.”

त्या उन्हात घोटभर पाणी न पिता पणजीला गेला, नोकरी घेऊन आला, आणि पहिला तळीवर जाऊन न्हाला. मग गेला बोटीवर. दोन जत्रा त्याच्याशिवाय झाल्या. फोनवर अजून लिहितो, द गौरवी. ती आता चूक म्हणत नाही.

यंदा येतोय. व्रत सुटलं की पार्शेला, तिच्या बापाकडे, मागणी घालायला. तोवर ती जत्रेत उभी असेल, मागच्या गर्दीत, हात पाठीमागे बांधून. तू उंच, नेहमी पुढे असतोस. तेवढं कर माझं — तिला तुझ्या पुढे घे. निखाऱ्यांवरून येताना दिसूंदे तिला तो.