रुमाल नंबर दोनशे चौदा

कागद गेला होता. रुमाल मात्र जागेवर होता, गाठसुद्धा नीट मारलेली.

"आत नुसतं कापड," समीक्षा म्हणाली. सकाळपासून चौथ्यांदा. "मॅडम, उद्या अकराला सुनावणी आहे हो."

फौजदार माया गोरडने खोलीभर नजर फिरवली. सांगलीतल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाचा हा दप्तरखाना. लोखंडी मांडण्यांवर जुन्या कागदांची लाल कापडी गाठोडी होती. त्यांनाच इथे रुमाल म्हणतात. असे नऊशे रुमाल, वर ओल आलेलं छत आणि गळतीखाली प्लॅस्टिकची बादली. आत शिरतानाच वेखंडाचा वास तिच्या नाकात गेला होता, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"कागद कसला?"

"मोडीतला, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. या रुमालात तो एकटाच होता. माण तालुक्यातल्या खिलारवस्तीचं कुरण धनगरांच्या मेंढरांसाठी राखून ठेवल्याचा. आता तिथे सोलर कंपनीला जागा हवीय. उद्या दहिवडीला प्रांतसाहेबांपुढे मूळ कागद दाखवला नाही, तर कुरण गेलंच."

"फोटो?"

"आत फोन न्यायला बंदी. सरांचा नियम."

"झेरॉक्स? स्कॅन?"

"स्कॅनिंगचा प्रस्ताव तीन वर्षं पडून आहे. माझ्या पीएचडीसाठी मी हाताने नक्कल केलीय, पण ती कोण मानणार?"

हसावं की रडावं, मायाला कळेना. सव्वादोनशे वर्षं टिकलेला कागद, आणि त्याचा एक साधा फोटो नाही!

तिने दोनशे चौदाचा रुमाल उजेडाला धरला. कापडाला काळ्या लोकरीचे दोन-तीन धागे चिकटले होते. सोबत पांढुरके कण. तिने एक कण बोटांत चुरडला. तो कडक होता, पापुद्र्यासारखा सुटला. बाकीचे तिने पाकिटात भरले.

केरबा शिपाई वीस वर्षं याच दारात बसत होता.

"या आठवड्यात आत कोण गेलं?"

"सोमवारी समीक्षाताई आन् खिलारवस्तीचं ते म्हातारं, बिराप्पा. कागद बगायला आलं हुतं. मंगळवारी सांजच्याला निकमसर. साताऱ्यास्नं सत्कार घिऊन परस्पर हिकडंच आलं. गळती बगतो म्हणालं. आन् आज सकाळी ताईंनी रुमाल सोडला."

"बाहेर कुणी काही नेलं?"

"न्हाई. जाताना समद्यांची झडती घेतो मी. सरांचीबी! त्यांनीच घातलेला नेम हाय."

विभागप्रमुख डॉ. वीरधवल निकम निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांच्या खुर्चीवर नवी कोरी काळी घोंगडी टाकली होती, कोपऱ्यात घुंगरांची काठी उभी होती. आपल्याकडे सत्कार म्हटला की काठी-घोंगडी आलीच.

"रुमालावर लोकर सापडली म्हणे ना? मग अजून काय हवंय?" निकम वैतागून म्हणाले. "तो म्हातारा घोंगडी घेऊनच आत गेला होता. फितवला असेल कंपनीने."

"गावाची जागा तो स्वतःच घालवेल?"

"माणसाचं काय सांगता येतं? फौजदारबाई, तीस वर्षं मी या कागदांसाठी अर्ज करतोय. छताचा एक पत्रा बदलून मिळाला नाही. जो येतो तो विचारतो, याचा आज उपयोग काय?"

बोलताना त्यांचा आवाज चिरकला. मायाला त्यांची कीव आली. तिने उगाच घोंगडीवरून हात फिरवला.

"सत्कार कोणी केला?"

"आहेत साताऱ्यात काही मंडळी. संशोधनाची कदर करणारी."

बिराप्पा बाहेर लिंबाखाली बसला होता. सत्तरी उलटलेला, रागाने लाल झालेला.

"म्या इकला म्हणं कागद! आवं, मेंढरं कुटं न्यायची आमी उद्या? डोसक्यावर?"

"आजोबा, तुमी इकला आसं म्या म्हणलं न्हाई."

म्हाताऱ्याने चमकून पाहिलं. "कुटली गं तू?"

"माणचीच. माझा आजा घोंगड्या इनायचा."

तिने त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीचं टोक हातात घेतलं. "किती वर्सांची ही?"

"धा झाली. लय पावसाळं काडलं हिनं."

घोंगडी धोतरासारखी मऊ पडली होती. माया तरातरा परत आत गेली.

"समीक्षा, रुमालात वेखंड कधी ठेवता?"

"चैत्रात. वर्षातून एकदा जुनं काढून नवं ठेवतो. कीड लागत नाही."

आत्ता मार्गशीर्ष चालू होता. मायाने हाताशी आलेला एक रुमाल सोडून हुंगला. त्यातल्या वेखंडाचं लाकूड झालं होतं, वासाचं नाव नाही. मग सकाळी नाकात शिरलं ते काय होतं?

पुढचे दोन तास फौजदारबाई रुमाल हुंगत फिरल्या. धुळीने शिंका, डोळ्यांतून पाणी. नंतर नंतर तर सगळ्याच रुमालांना वास येतोय असं वाटायला लागलं. बाईंचं डोकं फिरलं, अशी केरबाची खात्री पटत चालली. ती पण आता चिडून सगळं सोडणारच होती. तेवढ्यात भिंतीकडच्या मांडणीत, सहाशे एकाहत्तर नंबरच्या रुमालाशी तिचं नाक थांबलं.

तिने गाठ सोडली नाही. आधी सगळ्यांना बोलावलं.

"कागद खोलीबाहेर गेलाच नाही," माया म्हणाली. "केरबा कुणाला सोडत नाही. म्हणजे तो इथेच दुसऱ्या रुमालात गेला."

"आणि लोकर?" निकमांनी विचारलं.

"लोकर काळीच आहे, पण तिच्यासोबत हे कण आहेत. ही चिंचोक्याची खळ. घोंगडी विणून झाली की कडक राहायला लावतात. पाच-सहा पावसाळ्यांत ती पार धुऊन जाते. बिराप्पांची घोंगडी दहा वर्षांची आहे, तिच्यात खळीचा कणही नाही. तुमची मंगळवारची आहे, सर. हात फिरवला तर माझ्या तळव्याला लागली."

निकमांची नजर सहाशे एकाहत्तरकडे गेली.

"मंगळवारी तुम्ही सत्काराची घोंगडी अंगावर घेऊनच आत आलात. कागद काढून दुसरीकडे लपवलात. दुसरा कुणी असता तर जाळून मोकळा झाला असता. तुमचा हात धजला नाही. उलट रुमाल बांधायच्या आधी सवयीने आत ताजं वेखंड ठेवलंत. मार्गशीर्षात!"

समीक्षाने सहाशे एकाहत्तरची गाठ सोडली. वर विहिरींच्या याद्या. खाली घडी न मोडता ठेवलेला लांबट कागद, आणि वेखंडाचे दोन नवे तुकडे.

ती रडायलाच लागली.

"सुनावणी झाली की परत ठेवणार होतो," निकम हळूच म्हणाले. "कंपनी इमारत बांधून देणार होती. या सगळ्यांसाठी. पक्कं छत, स्कॅनिंग, सगळं. एका कागदाच्या बदल्यात नऊशे रुमाल वाचले असते, बाई. तीस वर्षांत मला दुसरं कोणी विचारलं?"

मायाला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त संताप आला तो या माणसाला तीस वर्षं झुलवत ठेवणाऱ्यांचा, आणि त्यांच्यावर कलम लावता येत नव्हतं.

"चला सर," ती एवढंच म्हणाली.

दारात बिराप्पा उभा होता. निकम खाली मान घालून जायला लागले, तसा तो आडवा आला.

"सायेब, वळखलं न्हाई मला? तीस वर्सांमागं तुमी स्कूटरवरनं वस्तीवर आला हुता, जुनं कागद गोळा करत. माझ्या आईनं तुमास्नी भाकरी वाडली. ह्यो कागद आमच्या देव्हाऱ्यात हुता. म्याच काडून दिला तुमच्या हातात."

निकमांनी मान वर केली. ओळख पटली, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पावती घ्या, पावती घ्या म्हणून लय मागं लागला हुता तुमी," बिराप्पा म्हणाला. "म्याच म्हणालो, शिकल्याल्या माणसाकडनं पावती कशाला घ्यायची?"