अंगठ्याचा रुपया

तानाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि एक रुपया गुलाब मेश्रामच्या टेबलावर ठेवला. खासगी तपासाच्या धंद्यात एवढी लहान केस त्याच्याकडे कधी आली नव्हती.

“हा माहा नाई. कोणीतरी बदलला,” त्या म्हणाल्या.

त्यांचा नवरा एसटीत कंडक्टर. लग्नाआधी तानाबाईंनी तिकिटाला दिलेला रुपया त्यानं ठेवून घेतला, स्वतःचा बॅगेत टाकला, आणि २००५ साली जाईपर्यंत खिशात जपला. घरात त्याला ‘अंगठ्याचा रुपया’ म्हणत. पुढे तो तानाबाईंच्या घरच्या साडीच्या पदरात राहिला.

गुलाबचा साथीदार प्रेमदास यानं नाणं उचललं. बंद मुठीवर उभा अंगठा, खाली २००९. त्याला केस तिथंच मिटल्यासारखी वाटली.

“मावशी, अंगठा तर आहे याच्यावर.”

“हा त्याइचा अंगठा नाई,” तानाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रिकामा होता.

नाचणगावला तानाबाईंच्या घरी गुलाबनं प्रत्येकाला एकच विचारलं, रुपयावर काय होतं? मुलगा रुपेश तो फ्रेम करायच्या मागे लागला होता. प्रेमदासचा संशय त्याच्यावरच. पण रुपेश म्हणाला, काहीच नव्हतं, पार गुळगुळीत. शेजारच्या मंदाबाईंना कणसाची एक कड आठवत होती.

सून पौर्णिमा चहा घेऊन आली. कपडे धुण्याची मशीन एवढी खडखडत होती की तिला प्रश्न दोनदा विचारावा लागला. मंगळवारपासून अशीच वाजते, रुपेशनं सांगितलं. आई चांगली साडी नेसून वर्ध्याला डोळे दाखवायला गेली, त्या दिवसापासून.

“अंगठा होता ना त्याच्यावर,” पौर्णिमा म्हणाली.

गुलाबनं कप खाली ठेवला.

“चोर कोणीच नाई. अंगठ्याच्या छापाचे रुपये निघाले तेव्हा कंडक्टर साहेब हयात नव्हते. त्याइच्या रुपयावर कणसं होती, ती त्याइनं अंगठ्यानं घासून घासून मिटवली. म्हणून ते नाव. नाणं पाह्यलेला माणूस पदरात छापाचा अंगठा बांधणार नाई. बांधला तो फक्त नाव ऐकलेल्या माणसानं. मंगळवारी घरची साडी घरीच होती. पौर्णिमा, गाठ न सोडताच मशीनमध्ये टाकली ना?”

पौर्णिमा रडू लागली. साडी बाहेर काढली तर गाठ सुटलेली होती, रुपया नव्हता. घाबरून तिनं दुकानातून अंगठ्याचा रुपया मागून आणला होता.

प्रेमदासनं मशीन बंद केली. गुलाबनं खालचं झाकण उघडून जाळी ओढली. गाळात रुपया होता, मधोमध किंचित खोलगट.

तानाबाईंनी त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“मले सांगाचं होतं ना, पोरी,” त्या सुनेला म्हणाल्या. “ये, तू बी ठेवून पाह्य.”

सासऱ्यांना कधीच न पाहिलेल्या पौर्णिमेनं अंगठा ठेवला. भोवती खळगा उरला.

“आई, बाबाइचा अंगठा मोठा होता.”

“हो,” तानाबाई म्हणाल्या. “लय मोठा होता.”